एका टोकाला एक कंपनी, दुसऱ्या टोकाला दुसरी: लांबची वायरलेस लिंक अशी चालते का?

पावसाळा सरला की हा प्रश्न हमखास येतो. गच्चीवरच्या पाइपाजवळ कुठेतरी वीज पडलेली असते, केबलमधून झटका आत आलेला असतो, एका टोकाचा रेडिओ मेलेला, दुसऱ्या टोकाचा ठणठणीत, आणि मेलेलं मॉडेल कंपनीने बनवणंच बंद केलंय. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा डबा पुढे करतो आणि म्हणतो, हे पण पाच गिगाहर्ट्झ, ते पण पाच गिगाहर्ट्झ, दोन्ही वायफायच, जोडून टाका. मग जोडतात, सिग्नल मस्त दिसतो, आणि स्पीड मात्र येत नाही.

तर चालतं का? बऱ्याचदा जोडलं जातं, हे खरं आहे. पण लांबच्या अंतरावर लिंक नीट चालण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्या प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केल्यात, त्यामुळे दोन कंपन्या मिसळल्या की त्या गोष्टी बाजूला पडतात आणि हातात उरतं ते साधं वायफाय, जे मुळात घरापुरतं आणि ऑफिसपुरतं बनवलेलं आहे. सगळी भानगड यात आहे, म्हणून जरा मुळापासून बघू.

## लिंक म्हणजे काय

समजा तालुक्याच्या गावात फायबर आलंय आणि तिथून नऊ किलोमीटरवरच्या वाडीत शाळा आहे. तालुक्यातल्या उंच बिल्डिंगवर एक डिश लावायची, शाळेच्या गच्चीवर पाइप उभा करून दुसरी, दोन्ही एकमेकींकडे तोंड करून. एका टोकाच्या रेडिओला एपी म्हणजे ॲक्सेस पॉइंट करायचं, तो नेटवर्क जाहीर करतो, दुसऱ्याला स्टेशन करायचं, तो जाऊन त्याला जोडला जातो. गच्चीवरच्या त्या डब्याला कोणी राउटर म्हणतं, कोणी सीपीई, कोणी नुसतंच मशीन, मी इथे रेडिओ म्हणतो.

मधे अडथळा नको, पण नुसतं समोरचं टोक डोळ्याला दिसलं म्हणजे झालं असं नाही. रेडिओची लहर एका बारीक रेषेत जात नाही, ती मधोमध फुगते. नऊ किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झला मध्यावर हा फुगवटा सगळीकडून पावणेअकरा मीटरचा असतो, आणि त्यातला निदान साठ टक्के, म्हणजे साडेसहा मीटर तरी मोकळा हवा, वर पृथ्वीच्या गोलाईचे सव्वा मीटर धरा. त्यामुळे मधल्या आंब्याच्या शेंड्याला दृष्टीची रेष घासून जात असेल तर लिंक लागते पण कुरकुरते, आणि पावसात झाड ओलं झालं की आणखीनच.

सिग्नलचं गणित पण आधी करून ठेवा. या अंतरात हवेतच सुमारे १२७ डेसिबल सिग्नल घटतो. एका बाजूने अँटेना धरून ३६ डीबीएम म्हणजे ४ वॅट निघाले आणि समोर २५ डीबीआयची डिश असली तर तिथे उणे ६६ डीबीएमच्या आसपास मिळायला हवं. (डीबीआय हे अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप, डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात.) उणे ६६ हा चांगला आकडा आहे. आणि हे गणित कुठल्याही कंपनीच्या डब्याला सारखंच लागू होतं, हवेला ब्रँड कळत नाही. त्यामुळे तुमचा आकडा उणे ६६ ऐवजी उणे ८० येत असेल तर आधी अलाइनमेंट, झाडं, कनेक्टर बघा, कंपन्या मिसळल्याचा तो दोष नाही. मिसळल्याचा दोष दिसतो तो सिग्नल चांगला असूनही.

## सिग्नल फुल्ल, स्पीड गायब, असं का होतं

वायफायचं पहिलं स्टँडर्ड १९९७ सालचं, नाव ८०२.११. त्यात एक नियम पहिल्यापासून आहे आणि आजही आहे, एकाने डेटाचं पाकीट पाठवलं की दुसऱ्याने लगेच पोच द्यायची. पोच आली नाही तर पाठवणारा धरून चालतो की पाकीट हवेत हरवलं, आणि तेच पाकीट पुन्हा पाठवतो. या पोचीला ॲक म्हणतात आणि तिची जितका वेळ वाट बघायची त्याला ॲक टाइमआउट.

आता हा वेळ किती? वायफायचे व्यवहार स्लॉट नावाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत चालतात आणि ५ गिगाहर्ट्झला एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाचा नऊ दशलक्षांश. घरात हे भरपूर आहे, कारण रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते आणि घर काही ३०० मीटरचं नसतं. पण आपल्या शाळेपर्यंत पाकीट जायलाच ३० मायक्रोसेकंद लागतात आणि पोच परत यायला आणखी ३०. घरच्या हिशोबाने वाट बघणारा रेडिओ तोवर कंटाळून तेच पाकीट दुसऱ्यांदा फेकून मोकळा झालेला असतो.

दरीच्या दोन अंगांना दोन माणसं उभी आहेत आणि एकमेकांना साद घालतायत असं समजा. इकडच्याने साद घातली, तिकडच्याला नीट ऐकू गेली, त्याने "होऽऽ" म्हणून ओरडून सांगितलं, पण ते होऽऽ दरी ओलांडून यायच्या आत इकडचा अधीर होऊन परत ओरडला. मग त्याचं ओरडणं आणि तिकडून येणारं उत्तर एकमेकांत मिसळतं, दोघांचे आवाज खणखणीत असूनही एकही बोलणं पुरं होत नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, थांबायचं किती हे ठरवलं पाहिजे.

दुसरी अडचण त्याच्या जोडीची. साध्या वायफायमधे बोलण्याआधी हवा शांत आहे का ते ऐकायचं असतं. घरात हे जमतं, कारण दुसरा बोलायला लागला की लगेच ऐकू येतं. नऊ किलोमीटरवर दुसरा बोलायला लागला हे मला ३० मायक्रोसेकंदांनी कळणार, म्हणजे मधे तीन स्लॉट उलटून गेले, तेवढ्यात मी पण सुरू केलेलं असू शकतं. ट्रॅफिक एकाच बाजूने असेल, म्हणजे नुसतं डाउनलोड, तर फारसं जाणवत नाही, पण व्हिडिओ कॉलसारखं दोन्हीकडून सुरू झालं की टकरा वाढतात.

हे ज्यांनी आधी भोगलं त्यांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मधे लिंक्सिसचे डब्ल्यूआरटी५४जी हे साधे घरगुती राउटर डोंगरावर नेऊन २७९ किलोमीटरची लिंक लावली, तिथे पाकीट एका बाजूला जायलाच जवळजवळ एक मिलिसेकंद लागत होता, आणि त्यासाठी राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, काढून पोचीची वेळ वाढवता येईल असं दुसरं टाकावं लागलं. पुढच्या वर्षी ३८२ किलोमीटर झालं, तेव्हा बर्कली विद्यापीठाच्या गटाने लांबच्या अंतरासाठी बदललेली पद्धत वापरली होती. त्याच गटाचं काम आपल्याकडे तमिळनाडूत थेनीच्या आसपास अरविंद नेत्र रुग्णालयाच्या खेड्यातल्या केंद्रांसाठी वापरलं गेलं, पेशंट गावात आणि डॉक्टर व्हिडिओवर, आणि साध्या वायफायपेक्षा दोन ते पाच पट थ्रूपुट (प्रत्यक्षातला स्पीड) मिळतं असं त्यांनी २००७ च्या पेपरात मांडलं. त्याच्याही आधी आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या खोऱ्यात लांब लांब लिंका टाकून, साध्या वायफायची वाट बघण्याची पद्धतच बदलली पाहिजे हे दाखवलं होतं. म्हणजे अंतर गाठण्यात अडचण नव्हती, अडचण बोलण्याच्या शिस्तीत होती.

## कंपन्यांनी आपापली शिस्त काढली

हीच शिस्त पुढे कंपन्यांनी विकायच्या मालात घातली. तिला टीडीएमए म्हणतात, अर्थ एवढाच की हवा ऐकून अंदाजाने बोलायचं नाही, एपी घड्याळ लावून पाळ्या ठरवून देणार, आता मी बोलणार, आता तू, आणि अंतराचा वेळ त्या पाळीत आधीच धरलेला. दरीतल्या त्या दोघांनी आधीच ठरवून घेतलं की कोण कधी ओरडणार, मग टक्कर व्हायचं कारणच राहत नाही.

यूबिक्विटीने ही पद्धत एअरमॅक्स नावाने आणली, मायक्रोटिकने एनव्ही२ नावाने, कँबियमच्या ईपीएमपीची स्वतःची आहे, मिमोसाची (ही कंपनी २०२३ पासून जिओकडे आहे) स्वतःची. चारही चांगल्या आहेत, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही, आणि ते कळावं असं कुठलंही स्टँडर्ड सांगत नाही, कारण हे स्टँडर्डच्या बाहेरचं आहे.

म्हणून एका टोकाला यूबिक्विटी आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोटिक असेल तर एअरमॅक्स बंद करावं लागतं, मायक्रोटिकमधे वायरलेस प्रोटोकॉल ८०२.११ वर ठेवावा लागतो, आणि दोघं साध्या वायफायवर येतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही घरच्या राउटरऐवजी हा महाग रेडिओ घेतला होता, तीच तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केली. काही नव्या रेडिओंमधे ही खासगी पद्धत बंद करायची सोयच नसते, मग नेटवर्क स्कॅनमधे दिसलं तरी जोडणी होतच नाही. विकत घेण्याआधी एवढं एक नक्की विचारा.

## "पण दोन्हीवर वायफाय लिहिलंय की"

हा आक्षेप रास्त आहे. वायफायचा शिक्का म्हणजे साध्या वायफायच्या मूळ गोष्टी एकमेकांना समजतील याची हमी, आणि त्या समजतातही. डब्ल्यूपीए२ची एईएस सुरक्षा, २० मेगाहर्ट्झचा चॅनल, ८०२.११एन या वायफायच्या आवृत्तीचे स्पीड, इथपर्यंत कुठल्याही दोन बऱ्या कंपन्या जमवून घेतात. (सुरक्षेत चुकून टीकेआयपी निवडू नका, एनचे वरचे स्पीड त्यावर चालत नाहीत आणि लिंक ५४ मेगाबिटच्या वर जातच नाही, जुन्या रेडिओत ते अजून निवडता येतं.) पण त्या शिक्क्यात नऊ किलोमीटरचं कुठेच काही नाही.

एक दिलासा मात्र आहे. २००९ च्या ८०२.११एनपासून ६४ पर्यंत पाकिटं एकत्र गठ्ठ्याने पाठवून त्यांची एकच पोच घेता येते, म्हणजे ६० मायक्रोसेकंदांची वाट दर पाकिटाला न बघता दर गठ्ठ्याला एकदा. हे स्टँडर्डमधेच आहे, त्यामुळे मिसळलेल्या जोडीतही चालतं. म्हणून एका टोकाला जुना, एनच्या आधीच्या ८०२.११जी किंवा ८०२.११ए आवृत्तीचा रेडिओ आणि दुसऱ्या टोकाला नवा, ही जोडी मी अजिबात सुचवणार नाही, तिथे गठ्ठाही जातो आणि दर पाकिटाची वाट परत येते.

## "मग एकाच कंपनीचं घेतलं की सुटलो?"

दुर्दैवाने एवढं सोपं नाही. यूबिक्विटीचे एलटीयू आणि एअरमॅक्स हे दोन्ही त्याच कंपनीचे, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मायक्रोटिकच्या नव्या वायफाय ड्रायव्हरवर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या रेडिओंमधून एनव्ही२ काढून टाकलंय, त्यामुळे जुना मायक्रोटिक एनव्ही२वर आणि त्याच्यासमोर नवाकोरा मायक्रोटिक, तरी जुन्याला खाली साध्या वायफायवर यावं लागतं. त्यांचा स्टेशन ब्रिज (लिंकच्या दोन्ही बाजूंचं एकच नेटवर्क करणारा) हा मोड पण जुन्या आणि नव्या ड्रायव्हरमधे आपसात चालत नाही, हे कंपनीच्या कागदपत्रातच लिहिलंय. म्हणून खरेदी करताना कंपनीचं नाव बघून थांबू नका, मालिका आणि फर्मवेअर दोन्ही जुळतात का बघा. आणि लिंक नवीन टाकत असाल तर जोडीऐवजी तीन रेडिओ घ्या, तिसरा कपाटात. पुढच्या मिसळामिसळीपेक्षा ते स्वस्त पडतं.

## मिसळायचंच आहे, मग अंतर नीट सांगा

परिस्थिती अशी असते की नाइलाज असतो, शाळेची लिंक उद्या सुरू करायची असते. मग सगळ्यात आधी दोन्ही टोकांना हाताने अंतर टाका. ऑटो ठेवू नका, कारण प्रत्येक कंपनी अंतराचा अंदाज आपल्या पद्धतीने काढते आणि समोर परका रेडिओ असला की तो अंदाज हलत राहतो.

इथे गंमत नाही, खरंच लक्ष द्यायची गोष्ट आहे ती एककांची. मायक्रोटिकमधे हा आकडा किलोमीटरमधे असतो, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरमधे टाकायच्या मोफत सॉफ्टवेअरमधे मीटरमधे, यूबिक्विटीच्या एअरओएसमधे सरकपट्टी असते जी किलोमीटर किंवा मैल दाखवते, आणि डीडी-डब्ल्यूआरटी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे सेन्सिटिव्हिटी रेंज नावाच्या रकान्यात मीटर लिहायचे पण प्रत्यक्ष अंतराच्या दुप्पट लिहायचा सल्ला असतो. एका टोकाला ९ आणि दुसऱ्या टोकालाही ९ लिहिलं आणि दुसरं टोक मीटरवालं निघालं तर त्या रेडिओला वाटतं समोरचा माणूस खोलीच्या पलीकडे आहे, आणि नेमकं तेच होतं जे वर दरीच्या गोष्टीत झालं.

लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच रेडिओंमधे हे अंतर आत ४५० मीटरच्या पायऱ्यांनी धरलं जातं, नऊ किलोमीटर म्हणजे २० पायऱ्या, आणि स्टँडर्डमधे अशा ३१ च पायऱ्या आहेत, म्हणजे जेमतेम १४ किलोमीटर. त्यापुढे जायचं तर चिपने आणि ड्रायव्हरने वेगळी सोय दिलेली असायला हवी. काही चिप तर ही सेटिंग ऐकतच नाहीत, स्क्रीनवर आकडा दिसतो पण आत काही बदलत नाही. स्वस्त घरगुती राउटरला बाहेरची डिश जोडून लांब लिंक करायची असेल तर हे आधी तपासा.

आकडा थोडा जास्त ठेवला तर काय बिघडतं? फार नाही, खरंच हरवलेल्या पाकिटामागे थोडा वेळ वाया जातो एवढंच. कमी ठेवला तर मात्र लिंक कोसळते. म्हणून नऊ असेल तर दहा टाका, आठ कधीच नको.

## लिंक लागली, पण मागच्या पीसीला आयपी मिळत नाही

मिसळलेल्या लिंकवर सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट ही. स्टेशन रेडिओ स्वतः इंटरनेटला जातो, पिंग लागतो, पण त्याच्या मागे लावलेल्या पीसीला, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला आयपीच येत नाही, किंवा एकाला येतो आणि दुसऱ्याला येत नाही. मग माणूस केबल बदलतो, स्विच बदलतो, दिवस जातो.

कारण असं. प्रत्येक नेटवर्क उपकरणाला मॅक ॲड्रेस म्हणून स्वतःचा एक नंबर असतो. साध्या वायफायमधे स्टेशन आणि एपी यांच्यातल्या पाकिटावर तीन पत्त्यांची जागा असते आणि त्यात स्टेशन फक्त स्वतःच्या नावाने बोलू शकतं, मागच्या पीसीच्या नावाने नाही. मोबाइलला याने काही फरक पडत नाही कारण मोबाइलच्या मागे कोणी नसतं. पण आपल्याला तर मागची अख्खी शाळा पलीकडे पोचवायची असते. त्यासाठी चार पत्त्यांचं पाकीट लागतं, ते स्टँडर्डमधे आहे, पण दोन रेडिओंनी चार पत्ते वापरायचं आपसात कसं ठरवायचं हे स्टँडर्डने नीट बांधून दिलं नाही, म्हणून प्रत्येकाने स्वतःचं केलं. कोणाकडे त्याला डब्ल्यूडीएस म्हणतात, कोणाकडे स्टेशन ब्रिज, आणि दोन्हीकडे डब्ल्यूडीएसच लिहिलेलं असलं तरी ते जुळेलच असं नाही.

मायक्रोटिकमधे स्टेशन-स्यूडोब्रिज नावाचा एक मोड आहे जो मागच्या सगळ्यांचे मॅक स्वतःच्या मॅकमागे झाकतो, परक्या एपीसमोर तो चालतो, पण फक्त जुन्या पद्धतीच्या आयपीसाठी (आयपीव्ही४) नीट, आयपीव्ही६ला नाही. तात्पुरतं म्हणून ठीक.

माझा आग्रह असा की मिसळलेल्या लिंकवर ब्रिजच्या मागे लागूच नका. लिंकला स्वतःची छोटी आयपी रेंज द्या, शाळेच्या नेटवर्कला वेगळी, आणि स्टेशन रेडिओला राउटरचं काम करू द्या. एपीच्या बाजूला शाळेच्या रेंजचा एक रूट लिहिला की झालं, आणि तिथल्या राउटरवर तुमचा हातच पोचत नसेल तर नॅट लावा, म्हणजे शाळेतली सगळी उपकरणं स्टेशनच्या एकाच आयपीमागे जातात. राउटिंगला पलीकडे कुठली कंपनी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर रूट असलेला बरा, नॅटमधे पोर्ट फॉरवर्ड करत बसावं लागतं. आणि कशासाठी तरी दोन्ही बाजू एकाच नेटवर्कमधे हव्याच असतील तर लिंकच्या वरून टनेल (एका नेटवर्कची पाकिटं दुसऱ्या पाकिटांत गुंडाळून नेणं) टाकता येतो, थोडा स्पीड जातो पण भरवशाचं.

## "एका बाजूला जास्त पॉवरचा रेडिओ लावला तर?"

दुकानात हे फार विकलं जातं. लिंक दोन्ही बाजूंनी बोलते, पोच परत आली नाही तर पाठवलेलं असून नसल्यासारखं. एका टोकाची पॉवर वाढवली तर त्याचं समोर ऐकू जाईल, पण समोरच्याचा आवाज होता तेवढाच राहणार. मिसळलेल्या जोडीत हे नकळत होतं, एक रेडिओ २७ डीबीएमचा आणि दुसरा १८ चा, मग डाउनलोड चांगलं आणि अपलोड रडत असतं, आणि लोक कंपनीला दोष देतात.

डिशचं मात्र वेगळं आहे. मोठी डिश जास्त जोराने फेकते आणि तितकंच जास्त ऐकते, त्यामुळे एकाच टोकाची डिश मोठी केली तरी दोन्ही दिशांना फायदा होतो. पैसे घालायचेच असतील तर डिशमधे घाला.

कायद्याचंही इथेच सांगतो. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ २००५ मधे लायसनमुक्त झालं, अँटेनासकट ४ वॅटची मर्यादा ठेवून. ५ गिगाहर्ट्झचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळे झाले, ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५. लायसन नको म्हणजे वाट्टेल तेवढी पॉवर नाही, आणि रेडिओला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) टाइप मंजुरी लागते. मिसळताना दोन्ही टोकांना देश भारतच निवडा, कारण एका रेडिओत दुसराच देश असेल तर एपी ज्या चॅनलवर बोलतोय तो चॅनल स्टेशनच्या यादीतच नसतो, आणि तुम्ही तासभर डिश फिरवत बसता. बाहेरून आणलेले, अमेरिकेसाठी लॉक केलेले रेडिओ असं करतात.

## गच्चीवर चढण्याआधी

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणं. काही रेडिओ २४ व्होल्टवर चालतात, काही ४८ वर, आणि अडॅप्टर दिसायला सारखेच असतात. २४ वाल्याला पॅसिव्ह (रेडिओला न विचारता थेट येणारं) ४८ दिलं तर तो जळू शकतो. जुना रेडिओ काढताना त्याचा अडॅप्टरही काढा, "असू दे, तोच चालेल" हा विचार महागात पडतो.

बाहेरच्या डिशला रेडिओ जोडत असाल तर एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन कनेक्टर नीट ओळखा, आटे एकमेकांत बसतात पण मधली पिन दोन्हीकडे नसते, स्क्रू घट्ट होतो आणि सिग्नल जवळजवळ शून्य. पोलरायझेशनही, म्हणजे लहर उभी की आडवी, ते जुळवा. एका टोकाला उभी-आडवी दोन्ही चालणारी डिश आणि दुसऱ्या टोकाला फक्त उभी असेल तर अर्धाच स्पीड मिळणार, आणि एक उभी दुसरी आडवी असेल तर वीसएक डेसिबल सरळ गेले. रुंद चॅनलचा मोह नको, मिसळलेल्या जोडीला २० मेगाहर्ट्झवर सुरू करा, स्थिर झाल्यावर ४० करून बघा.

## "मग दोन्हीत एकच सॉफ्टवेअर टाकलं तर?"

हा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण अडचण खरं तर लोखंडाची नाहीच, आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. आत सारख्या घराण्याची चिप असलेले दोन वेगळ्या कंपन्यांचे रेडिओ ओपनडब्ल्यूआरटीवर आणले तर दोन्हीकडे अंतर मीटरमधेच, डब्ल्यूडीएसही एकाच पद्धतीचं, आणि ब्रिजसुद्धा चालतो. टीडीएमए मात्र त्यात मिळत नाही, ते पुन्हा कंपनीचंच.

कंपन्यांनाही ही वाट दिसली होती. कँबियमने एलिव्हेट नावाचं सॉफ्टवेअर काढलं, ते दुसऱ्या कंपनीच्या काही रेडिओंवर टाकलं की ते ईपीएमपीसारखे बोलायला लागायचे, म्हणजे गावोगावी लावलेले जुने स्टेशन न उतरवता फक्त एपी बदलायचा. यूबिक्विटीने २०१८ मधे अमेरिकेत त्यावर कोर्टात दावा लावला. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर मला हे वाईट वाटतं. रेडिओ तुमच्या पैशाचा, पाइप तुमचा, हवा सगळ्यांची, आणि तो कोणाशी बोलेल हे मात्र दुसरं कोणीतरी ठरवणार. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने गावं जोडून दाखवली आणि २०१७ मधे मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं, अशी कामं जिथे जिथे उभी राहतात तिथे पाच-सात वर्षांनी सुटे रेडिओ कुठून आणायचे हा प्रश्न येणारच, आणि तिथे एकमेकांशी बोलणारी उपकरणं ही चैन नाही.

## सगळंच एका कंपनीचं घ्यायचं का

नाही, अजिबात नाही. जोडी एकसारखी हवी ती फक्त हवेतून एकमेकांशी बोलणाऱ्यांची. रेडिओतून केबल खाली आली की पुढे सगळं इथरनेट, तिथे स्विच एका कंपनीचा, राउटर दुसऱ्या, शाळेतला वायफाय तिसऱ्या, काही फरक पडत नाही. दोन लिंका एकामागे एक असतील, तालुका ते टेकडी आणि टेकडी ते वाडी, तर पहिली जोडी एका कंपनीची आणि दुसरी जोडी दुसऱ्या कंपनीची चालते, टेकडीवर मधे केबल टाकायची. पण एका एपीला चार-पाच स्टेशन असतील आणि त्यातलं एकच परक्या कंपनीचं लावलंत, तर त्या एकासाठी एपीची पाळ्यांची पद्धत बंद करावी लागते आणि बाकी सगळ्यांचा स्पीड पडतो. त्यातून ती स्टेशनं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एकमेकांना ऐकू येत नाहीत आणि साध्या वायफायवर आल्यावर एकाच वेळी बोलून एपीजवळ टकरा करतात. तिथे परका रेडिओ लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्या एका स्टेशनसाठी वेगळा छोटा एपी परवडतो.

## टेबलावर आधी जोडून बघायचं, पण काय बघायचं

चढण्याआधी दोन्ही रेडिओ टेबलावर जोडा, पॉवर अगदी कमी करून, नाहीतर इतक्या जवळून सिग्नल उलट बिघडतो. सुरक्षा जुळते का, चॅनल दोघांना दिसतो का, मागच्या पीसीला आयपी मिळतो का, राउटिंग बरोबर आहे का, हे सगळं इथेच उरकून घ्या, उन्हात पाइपाला धरून हे करणं वेडेपणा आहे. स्पीड मोजताना रेडिओच्या आतला स्पीड टेस्ट वापरू नका, तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या रेडिओसाठी असतो आणि रेडिओचा छोटा प्रोसेसर त्यातच दमतो. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ या स्पीड मोजायच्या प्रोग्रामने मोजा, एकदा इकडून तिकडे, एकदा उलट, आणि एकदा दोन्हीकडून एकत्र.

टेबलावर एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पोचीची वेळ, कारण तिथे अंतरच नाही. ती वर लावल्यावर कळते. सिग्नल हिशोबाप्रमाणे आलाय, आजूबाजूला गोंगाट नाही, तरी रिट्राय (पुन्हा पाठवलेली पाकिटं) खूप दिसतायत किंवा मायक्रोटिकमधे सीसीक्यूचा (लिंक किती नीट चाललीय त्याची टक्केवारी) आकडा खाली पडलाय, तर डिशला हात लावू नका. एका टोकाचं अंतर एकेक किलोमीटरने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी आयपर्फ चालवा, मग दुसऱ्या टोकाचं. एका ठिकाणी आकडा एकदम उडी मारतो. त्याच्या आणखी थोडं पुढे ठेवून सेटिंग सेव्ह करा, आणि तो आकडा मार्करने अडॅप्टरवर लिहून ठेवा, किलोमीटर की मीटर ते पण.